फ्लॅशच्या मानेतली तार

केरीला नवरीच्या घरी चुडा भरायला नुकती सुरुवात झाली होती. कांकणकाराने टोपली सोडली, हिरव्या बांगड्यांचे सर बाहेर काढले, आणि नवरीची मामी तिचा हात धरून बसली. मी फ्लॅशचं तोंड छताकडे वळवलं आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याचा आवाज झाला, पण उजेड पडला नाही.

सेल संपले असतील म्हणून बदलले. पुन्हा दाबलं. काही नाही. फ्लॅशचं तोंड सरळ समोर केलं, दाबलं, आणि लख्ख उजेड पडला. वर वळवलं, पुन्हा अंधार. असं चार वेळा केलं. समोर पेटत होता, वर पेटत नव्हता. बायका बांगड्यांच्या गाण्यात रंगल्या होत्या, कोणाच्या लक्षात आलं नाही.

समोरून मारलेला उजेड मला त्या मुलीच्या लग्नात चालणार नव्हता. तसा शब्दच मी तिला दिला होता.

मी डिचोलीची. नवरा खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली आणि गाडी अंगणात उभी राहिली, तेव्हा घरात पैसे आणणारं माझंच काम उरलं. लग्नाआधी मी गावातल्या एका स्टुडिओत होते. पासपोर्टच्या फोटोंवर धुळीचे पांढरे ठिपके यायचे, ते शून्य नंबरच्या ब्रशने काळा रंग लावून भरायचं माझं काम. कॅमेरा धरायला तिथेच शिकले, चोरून चोरून. मग बारशी, मुंजी करता करता लग्नांवर आले. बाई फोटोग्राफर असली की नवरीच्या खोलीत सरळ जाता येतं, म्हणून लोक बोलवायला लागले. आता नवरा स्कूटर चालवतो, स्टँड धरतो, माणसांना ओळीत उभं करतो. तो मूळचा दोडामार्गाकडचा. वऱ्हाडाला "जरा सरकान घेवा मरे" म्हणाला की माणसं हसतात आणि फोटो चांगला येतो.

ही मुलगी दोन महिन्यांपूर्वी एकटीच आमच्या घरी आली होती. प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, भाजल्याचा जुना व्रण. तीन वर्षांची असताना पेजेचं भांडं अंगावर सांडलं होतं, तिने स्वतःच सांगितलं. मग पिशवीतून साखरपुड्याचे फोटो काढून मेजावर मांडले. दुसऱ्या कोणी काढलेले होते. काहींमध्ये फ्लॅश सरळ तोंडावर मारलेला, त्यामुळे व्रणाची गुळगुळीत कातडी ओल्या काचेसारखी चमकत होती. आणि मोठा करून दिलेल्या फोटोत कॉम्प्युटरवर घासून घासून गालच पुसून टाकलेला. पिठाच्या गोळ्यासारखा.

"ताई," ती म्हणाली, "हा डाग काढू नका. पण चमकवू पण नका. मी आहे तशी दिसले म्हणजे झालं. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. तिला दाखवलंही. आमच्या पडवीत तिला बसवलं, फ्लॅशचं तोंड वर केलं आणि एक फोटो काढला. उजेड छतावर आदळतो, पसरतो आणि वरून मऊ होऊन खाली येतो. तिने कॅमेरा हातात घेऊन पडद्यावर स्वतःचा गाल जवळून बघितला. जाताना माझा हात धरून म्हणाली, "मग असेच काढा हां."

तर आता फ्लॅशचं तोंडच वर होत नव्हतं, म्हणजे होत होतं पण आंधळं होऊन.

चुड्याचं मी नवरीला जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, बसवून बाहेरच्या उजेडात कसंबसं निभावलं. ते घर समुद्राच्या बाजूला उघडं होतं, उजेड भरपूर होता. पण उद्या लग्न पेडण्याकडच्या देवळाच्या सभागृहात, आणि तिथे भरदुपारीही दिवे लावावे लागतात. बाहेर अंगणात येऊन मी नवऱ्याला बाजूला घेतलं.

"फ्लॅश गेला."

"कसो गेलो? सेल बदल."

"बदलले. वर केला की पेटत नाही."

त्याने हातात घेतला, वर-खाली करून बघितला, कानाजवळ नेऊन मान वाकवली. "हेची मान करकरता. ह्यां आजचा नाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मग मला सांगावं लागलं. पंधरा दिवसांपूर्वी नार्व्याच्या एका लग्नात माझ्या धक्क्याने फ्लॅश खुर्चीवरून चिऱ्याच्या पायरीवर पडला होता. तेव्हा पेटला, म्हणून मी गप्प बसले. त्यानंतर वीस-पंचवीस फोटोंत एखादा काळा यायला लागला. सेल वाईट आहेत अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला कळत होतं. पण दुरुस्तीला दिला की तो मुंबईला जाणार, आणि भर लग्नसराईत मी रिकाम्या हातांनी बसणार, या भीतीने मी नवऱ्याला काहीच बोलले नव्हते. दुसरा फ्लॅश माझ्याकडे नव्हता.

मला वाटलं तो रागावेल. त्याने एवढंच म्हटलं, "आता सांगलंस ता बरा झाला. चल, म्हापशाक जावया."

निघण्याआधी मी दोन ओळखीच्या फोटोग्राफरांना फोन लावले. मुहूर्त चांगला होता, दोघांचीही त्याच दिवशी लग्नं. एक म्हणाला, "ताई, माझाच एक मी दुसऱ्याकडून मागून आणलाय." नवऱ्याने सुचवलं, समोरून मारताना पुढे पांढरा रुमाल धरू. केरीच्या अंगणात त्याच्याच तोंडावर करून बघितलं. कपाळ आणि नाक तसंच चमकलं. कातडी चांगली असलेल्याचं असं, तर तिचं काय होईल?

शुक्रवार होता, म्हणजे म्हापशात बाजार. शिवोलीच्या पुलावरून पुढे गेलो तशी वाहनांची रांगच लागली. मी मागे बसून फ्लॅशची पिशवी पोटाशी धरली होती, तान्ह्या मुलासारखी. बाजारात मिरच्या, सुकी मासळी, मातीची भांडी आणि माणसं यांतून वाट काढत कॅमेऱ्याच्या दुकानात पोचलो तोवर अडीच वाजून गेले होते.

दुकानदार भला माणूस. त्याने फ्लॅश न उघडताच सांगितलं, "कंपनीत पाठवावा लागेल. पंधरा-वीस दिवस." मग कपाटातून दोन नवे काढून समोर ठेवले. एक छोटा होता, त्याची मान वळतच नव्हती. दुसऱ्याची वळत होती, पण तो वेगळ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा. माझ्या कॅमेऱ्यावर बसवून बघितला तर एकदा पेटला, एकदा नाही, आणि पेटला तेव्हा भिंत पांढरीफट्ट झाली. उजेड कमी-जास्त करायचं कॅमेऱ्याचं आणि त्याचं एकमेकांशी बोलणंच होत नव्हतं. तरी मी तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. नाहीतर हाच घेऊन जावा, हाताने उजेड लावत बसावं. पण अंतरपाट खाली येतो तेव्हा हाताने काही लावत बसायला वेळ नसतो.

माझं तोंड बघून दुकानदारालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "मागच्या गल्लीत एक म्हातारा आहे. तारवटी होता. बोटीवर वीज आणि रेडिओ बघायचा. पूर्वी आमचे फ्लॅश तोच उघडायचा. आता काम करत नाही म्हणतात. पण विचारून बघा."

घर सापडलं. दारात क्रूस, क्रूसासमोर झेंडूची माळ. म्हातारा बाल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, बसून पावाचा तुकडा चहात बुडवत होता. ऐंशीच्या पुढचा असणार. मी सगळं सांगितलं. त्याने मान हलवली.

"बाय, हांव आतां काम करिना. दोळ्यांक दिसना, हात हालता." आणि खरंच त्याने हात पुढे केला. बोटं पानासारखी थरथरत होती.

मी नवरीबद्दल सांगितलं. पेजेच्या भांड्याबद्दल, त्या घासलेल्या फोटोबद्दल, मी दिलेल्या शब्दाबद्दल. म्हाताऱ्याने पाव खाऊन संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "हें आयज जालें?"

"पंधरा दिवस झाले अंकल. मी पाडला, आणि कोणाला सांगितलं नाही."

तो हसला. "बोटीवर पण असंच. बिघाड आदल्या दिवशी कोण सांगत नाही." उठला आणि आम्हाला आत घेऊन गेला.

आतल्या खोलीत जनेलाखाली मेज, त्यावर जुने रेडिओ, तारांची वेटोळी आणि एक मोठं भिंग. त्याने आधी मला ताकीद दिली. सेल काढले तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज भरलेली राहते. बोट लागलं तर माणूस उडतो. स्वतःचा उजवा अंगठा दाखवला. बोटीवर असताना भाजलेली खूण तिथे होती. मग एका बल्बला जोडलेल्या दोन तारा घेतल्या आणि नवऱ्याला म्हणाला, "तूं दोळे. म्हाका सांग, हांगा काय थंय." नवऱ्याने फोनची टॉर्च धरली आणि मी स्क्रू काढले. कव्हर उघडल्यावर नवरा इथे की तिथे ते सांगत गेला, तशा म्हाताऱ्याने थरथरत्या हाताने दोन्ही तारा कंडेन्सरला टेकवल्या. बल्ब एकदा चमकला आणि विझला. त्याने परत टेकवल्या. या वेळी काही झालं नाही.

"मेली," तो समाधानाने म्हणाला. "आतां भियेनाका."

फ्लॅशच्या मानेतून पाच-सहा बारीक तारा डोक्याकडे गेल्या होत्या. दिसायला सगळ्या धडधाकट. म्हाताऱ्याने डोळे मिटून एकेक तार चिमटीत धरली आणि हळूच वाकवत गेला, जसा वैद्य नाडी बघतो. चौथ्या तारेवर थांबला.

"ही बघ. भायल्यान बरी, भितरल्यान मोडल्या."

मी भिंगातून बघितलं. मला काहीच वेगळं दिसलं नाही. त्याने वरचं लाल प्लॅस्टिक ब्लेडने सोलायला सांगितलं. सोललं तर आतलं तांबं दोन तुकड्यांत. मान सरळ असली की तुकडे एकमेकांना टेकायचे, वर केली की सुटायचे. पंधरा दिवसांची माझी काळजी त्या केसाएवढ्या फटीत होती. रडावं की हसावं कळेना.

"आता जोड घालायचा," म्हातारा म्हणाला, "पण मी नाही घालणार. तू घाल."

"मी? मी कधी सोल्डर केलेलं नाही."

"हात दी."

मी हात पुढे केला. त्याने तो मेजावर टेकवून ठेवला आणि वाकून जवळून बघितला. "स्थिर आहे. कितें काम करताली पयलीं?"

मी ब्रशचं सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्यासमोर सोल्डरिंगची तापलेली कांडी सरकवली. "मग तेंच. थेंब टाकायचा आणि हात काढायचा. घासायचं नाही."

आधी त्याने मला दोन फालतू तारा जोडायला लावल्या. पहिला जोड ओबडधोबड झाला, दुसरा बरा, तिसऱ्याला त्याने नखाने ओढून बघितलं आणि हुंकार दिला. मग खऱ्या तारेवर. तुटलेला भाग कापून त्याने मध्ये नवी तार घालायला लावली, पहिल्यापेक्षा थोडी लांब, म्हणजे मान वळताना ताण बसू नये. नवरा श्वास रोखून टॉर्च धरून उभा. एका टोकाला थेंब पडला आणि तांब्याला चिकटून चमकला. दुसऱ्या टोकाला माझा हात जरा घसरला. म्हातारा म्हणाला, "राव, थांब. श्वास घे. सोड. आतां." या वेळी बसला. आधीच तारेत ओवून ठेवलेली बारीक काळी नळी त्याने जोडांवर सरकवायला सांगितली. ती गरम केली की आवळून बसते.

स्क्रू लावले, सेल घातले. लाल दिवा लागला. मी फ्लॅशचं तोंड वर केलं, बटण दाबलं आणि त्या काळोख्या खोलीचं पांढरं छत लखकन उजळलं. रेडिओ, भिंतीवरचं येशूचं चित्र, म्हाताऱ्याचं तोंड, सगळं एकदम दिसलं. मागे केलं, दाबलं. पेटला. डावीकडे, उजवीकडे. पेटला. दहा वेळा केलं असेल. म्हाताऱ्याला दिसत कमी असलं तरी तो उजेड दिसत होता. प्रत्येक वेळी तो "हां" म्हणत होता, मोजल्यासारखा.

म्हातारा पैसे घेईना. नवऱ्याने फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, "काम बायने केलं. मी फक्त बडबड केली." निघताना मात्र बजावलं, उद्यापर्यंत मान उगाच वळवू नकोस. नवा जोड आहे. घरूनच वर करून ने आणि तशीच ठेव.

दुसऱ्या दिवशी फ्लॅशचं तोंड वर करूनच मी सभागृहात शिरले. तिथलं छत मी आधी बघून गेले होते. ठेंगणं आणि चुना लावलेलं, अगदी मला हवं तसं. आत पाऊल टाकलं आणि वर बघितलं. मंडपवाल्यांनी पहाटे येऊन सगळ्या छताला तांबडं कापड ताणलं होतं. सोनेरी झालर, मधोमध झुंबर. घरचे लोक कौतुकाने वर बघत होते. मी एक फोटो काढून बघितला. भटजींचं तोंड बिटासारखं लाल.

नवऱ्याने पडद्यावर बघितलं. "ह्यां सोडूक सांगू?"

"मुहूर्ताला तासभर नाही. कोण सोडणार आता?"

दोघे उभे राहून चारी बाजूंना बघत होतो. बोहल्याच्या उजव्या हाताला देवळाची बाजूची भिंत होती, पांढरी, मोकळी. तिच्यावरून उजेड आणता आला असता. त्यासाठी फ्लॅशची मान बाजूला वळवायला हवी होती, आणि एकदा नाही, मी जागा बदलेन तशी दर वेळी. नवऱ्याला कळलं मी काय विचार करते आहे. तो म्हणाला, "जोड तुझो आसा. तुका म्हायत कसो बसलो तो. वळव."

मी वळवली. मान करकरली नाही. दाबलं. भिंत पेटली आणि तो उजेड बोहल्यावर असा पसरला, की जणू तिथे मोठी खिडकीच होती. मी नवऱ्याच्या तोंडाचा एक फोटो काढला. कपाळ चमकत नव्हतं.

भिंतीला टेकून काही माणसं उभी होती. नवऱ्याने त्यांना गोडीगुलाबीने हलवलं. एका आजोबांना तर हात धरून चांगल्या खुर्चीवर नेऊन बसवलं, आणि मग विधी संपेपर्यंत त्या भिंतीसमोर कोणाला उभं राहू दिलं नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या कानात फक्त फ्लॅशचा बारीक सूर येत होता, प्रत्येक फोटोनंतर तो पुन्हा भरून घेताना येतो तो. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला. नवरीने मान वर केली आणि नवऱ्या मुलाकडे बघून हसली. मी दाबलं. पेटला. पुन्हा दाबलं. पेटला. त्या दहा-बारा सेकंदांत एकही फोटो काळा आला नाही. नंतर हार घालताना, मंगळसूत्र, सप्तपदी. मी मान किती वेळा वळवली हे मोजायचंच सोडून दिलं.

जेवणाआधी घरच्या लोकांचे फोटो. नवरीची आई आली आणि तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली. खांदा थोडा पुढे, पदर असा धरलेला, की मुलीचा गाल अर्धा झाकला जावा. ते त्यांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पंचवीस वर्षांची सवय होती. सकाळी नवरीच्या खोलीत एका काकूने मला हळूच सांगितलं होतं, की पेजेचं भांडं त्या दिवशी आईच्याच हातातून निसटलं होतं.

नवरीने आईचा हात धरला. "आई, हेवटेन यो."

"असू दे गो, बरी आहे मी इथं."

"नाही. ह्या बाजूला ये. आणि पदर खाली घे." तिने आईला स्वतःच्या उजवीकडे आणलं आणि डावा गाल कॅमेऱ्यासमोर मोकळा ठेवला. आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून सांगता येत नाही. मी म्हणाले, "काकी, लेकीकडे बघा." त्यांनी बघितलं आणि मी फोटो काढला.

मग मी न राहवून तो दोघींना तिथेच दाखवला. नवरी वाकून बघत होती. व्रण होता, सगळा होता, कानापासून हनुवटीपर्यंत. पण तो चमकत नव्हता, ओरडत नव्हता. हसताना तिथली कातडी जरा आखडते, तेही आलं होतं. ती म्हणाली, "आई, बघ. मीच ना?"

आईने पडद्यावर बोट ठेवलं, नेमकं त्या गालावर, आणि म्हणाली, "तूच गो बाय." मग डोळे पुसून हसत म्हणाली, "माझंच तोंड वाईट आलंय."

"तुझं रोजच तसं येतं," नवरी म्हणाली आणि दोघी मोठ्याने हसल्या. त्या हसण्याचेही मी चार फोटो काढले.

मग एकदम मला जाणवलं, की आदल्या दिवसापासून मी धड जेवलेले नाही. कॅमेरा बंद केला, फ्लॅश काढून पिशवीत ठेवला आणि शेवटच्या पंगतीत नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. भाज्यांचं खतखतं आलं, भात आला, वर तूप आलं. पहिला घास घेतला आणि खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं मी इतका मोठा श्वास सोडला, की वाढणारा माणूस भांडं घेऊन थांबला.

"काय झाला?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. भूक लागलीय."

"मगे खा," तो म्हणाला, आणि आपल्या पानातली जिलबी उचलून माझ्या पानात ठेवली.